रद्दी की रबडी? इंदूरच्या मराठी मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना एक खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सभासद यांस,

सा. न. वि. वि.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका सभागृहात चष्मा शोधायला गेलो होतो. आदल्या रात्री तिथेच विसरलो होतो. मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी, वार्षिक अहवालांचा एक गठ्ठा पडलेला दिसला. छापखान्यातून आला तसाच, सुतळीची गाठही सुटलेली नव्हती. त्याच्यावर रात्री कोणीतरी मसाला दुधाचे वापरलेले ग्लास रचून ठेवले होते. दूध झिरपत झिरपत खाली उतरलं होतं, वरच्या वीस-पंचवीस प्रती फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या आणि अध्यक्षांच्या मनोगतावर केशराचा छान पिवळा डाग आला होता.

रस्त्याने अटालेवाला (आमच्याकडे भंगार-रद्दीवाल्याला हेच म्हणतात) चालला होता, त्याला हाक मारली. त्याने गठ्ठ्याच्या कडेत अंगठा दाबला, तो अंगठा नाकाशी नेला आणि हातगाडी पुढे ढकलत म्हणाला, "बाबूजी, ये रद्दी नहीं, रबड़ी है."

हे कोणतं मंडळ ते मी सांगणार नाही. एक तर त्या ग्लासांच्या उतरंडीत माझाही एक ग्लास होता (खरं सांगायचं तर दोन). आणि दुसरं म्हणजे, इंदुरातल्या कोणत्याही मराठी मंडळाच्या सभागृहामागे, कोणत्याही कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर थोड्याफार फरकाने हेच दिसेल. म्हणून हे पत्र एकाला न लिहिता सगळ्यांना लिहितो आहे.

माझी ओळख अशी की मी 34 वर्षं छपाईचा धंदा केला. जुन्या इंदुरात आमचा लहानसा छापखाना होता. आधी ट्रेडल नावाचं जुनं छपाईयंत्र आणि खिळे, म्हणजे जुळवायची सुटी अक्षरं, मग ऑफसेट. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मुंजीच्या आणि लग्नाच्या पत्रिका, मंडळांची पावतीबुकं, स्मरणिका, हळदीकुंकवाची निमंत्रणं माझ्या हातून गेलेली आहेत. कागदाशिवाय मला दुसऱ्या कशातलं फारसं कळत नाही, पण कागदातलं कळतं.

आपलं शहर 2017 ते 2023 दरवर्षी स्वच्छतेत देशात पहिलं आलं. एका वर्षी, 2023च्या यादीत, तेवढा सुरतेने मान वाटून घेतला. पाहुणे आले की आपण सराफ्यातल्या खाऊगल्लीच्या आधी कचऱ्याची गाडी दाखवतो! कौतुक रास्तच आहे. देशाच्या 2016च्या नियमांत कचऱ्याचे तीन भाग सांगितले होते, तेव्हाही इंदूरकर सहा भाग करत होता: ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरातला घातक आणि इलेक्ट्रॉनिक. ओल्याचं तर सोनं झालं. शहराच्या कचरा केंद्रात, देवगुराडियाला, फेब्रुवारी 2022 मध्ये जो बायो-सीएनजीचा, म्हणजे कचऱ्यापासून गाड्यांचा गॅस करायचा, प्रकल्प सुरू झाला त्याची क्षमता रोज 550 टन ओल्या कचऱ्याची आहे. आपल्या दोडक्याच्या सालांवर बस धावते हे मी पुण्याच्या मेहुण्याला किती वेळा ऐकवलं असेल, त्याला विचारा.

पण कागदाचं काय? कागद आपण 'सुक्या'त टाकतो आणि हात झटकतो. सुका म्हणजे काय, तर बाकीच्या पाचांत न बसणारा सगळा. त्यात चिंधी आली, तुटकी चप्पल आली, तळाशी चार थेंब उरलेली सरबताची काचेची बाटली आली आणि त्यांच्या मध्ये बिचारा कागद. गाडीवाल्याच्या लेखी आपण चोख. कागदाच्या लेखी मात्र तो पहिल्या दोन मिनिटांतच मेला. पुढे देवगुराडियाला कितीही उत्तम यंत्रं असोत आणि निवडणारे हात असोत, जो कागद आपल्या स्वयंपाकघरातच भिजला तो तिथे वाळून परत कोरा होत नाही.

हे असं का, ते मला कोणत्या कारखान्याने शिकवलं नाही, आजीने शिकवलं. मे महिन्यात ती कागदाचा लगदा करून टोपल्या करायची. तुमच्याही घरात झाल्या असतील. जुने कागद फाडून चार दिवस घंगाळात भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग भिजवलेल्या मेथीबरोबर पाट्यावर वाटायचे आणि उपड्या पातेल्यावर थापायचे. मेथीचा चिकटपणा आणि तिचा कडूपणा, दोन्ही उपयोगी. कडूपणामुळे कीड लागत नाही म्हणे. कागद फाडायचं काम आम्हा पोरांकडे असे. एकदा मी फरसाणाचा कागद त्यात ढकलला. आजीने नुसत्या बोटांनी ओळखलं. म्हणाली, "तेलाचा कागद घेतला की टोपलीला तिथेच भोक पडतं रे. तो धरत नाही." मी हट्टाने घातलाच. टोपली वाळली आणि मधोमध रुपयाएवढा तुकडा गळून पडला.

कागदाच्या गिरणीत याहून वेगळं काही होत नाही. घंगाळाच्या जागी खोलीएवढं भांडं असतं, त्याला पल्पर म्हणतात. त्यात पाणी घालून रद्दी घुसळली की कागद सुटतो आणि त्याचे धागे मोकळे होतात. कागद म्हणजे शेवटी झाडाचे बारीक धागे एकमेकांत गुंतवून वाळवलेले. मग चाळण्या लावून कचरा काढायचा. छापील कागदाची शाई काढायची असेल तर साबणासारखी रसायनं घालून खालून हवेचे बुडबुडे सोडायचे. शाई बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते आणि फेस काढून टाकतात. सगळी युक्ती शाईसाठी आहे. भज्यांचं तेल धाग्यालाच धरून बसतं, पाण्याने सुटत नाही आणि नव्या कागदावर डाग होऊन उगवतं.

आणि धागा तरी किती वेळा टिकणार? प्रत्येक फेरीत तो तुटतो, आखूड होतो. साधारण पाच ते सात फेऱ्या झाल्या की तो कागद धरण्याच्या लायकीचा राहत नाही. म्हणजे चांगल्या पांढऱ्या कागदाला सहा जन्म असतात असं धरलं, तर परवाच्या त्या अहवालांनी पाच जन्म त्या टाकीपाशी गमावले. पहिल्याच जन्मात, आणि तेही कोणी न वाचता. (हे शेवटचं मी छापणारा म्हणून बोलतो. उरलेल्या प्रती गेली कित्येक वर्षं मीच पाहत आलो आहे. 500 छापता, 180 वाटता.)

आपल्या प्रदेशाला तर रद्दीचं महत्त्व कोणी बाहेरून येऊन सांगायला नको. खंडव्याहून भुसावळकडे जाताना नेपानगर लागतं. देशातला पहिला न्यूजप्रिंटचा कारखाना तो, 1956 साली पंडित नेहरूंनी देशाला अर्पण केला. सुरुवातीला बांबू आणि सालईच्या लाकडावर चालायचा, पुढे रद्दीवर चालू लागला. माझ्या वडिलांच्या वेळेला 'नेपा' म्हटलं की वर्तमानपत्राचा कागद असाच अर्थ व्हायचा. आज आपला गठ्ठा नेपानगरला जातो की वापीच्या गिरण्यांत, ते व्यापारी ठरवतो. तिथे जाऊन त्याचं वर्तमानपत्र होतं, पुठ्ठा होतो की खाकी खोका, ते मात्र त्या गठ्ठ्याची प्रत ठरवते आणि ती प्रत आपल्या घरात ठरते.

छापखान्यात आमच्याकडे तीन पोती असायची. एकात पांढरी कात्रणं, कटिंग मशीनवर कडा कापल्या की पडतात ती, शाईचा टिपूस नसलेली. दुसऱ्यात छापून बिघडलेले कागद. तिसऱ्यात पुठ्ठा आणि खाकी वेष्टनं. पांढऱ्या कात्रणांना सगळ्यांत चांगला भाव, कारण त्यातून पुन्हा पांढरा कागद होतो. एकदा नव्या पोराने तिन्ही पोती एकात रिकामी केली, जागा वाचावी म्हणून. व्यापाऱ्याने सगळ्याचा भाव पुठ्ठ्याचा लावला. मी वाद घातला तर म्हणाला, निवडून द्या, पांढऱ्याचा देतो. त्या रविवारी मी, तो पोरगा आणि माझी बायको असे तिघं दुपारभर निवडत बसलो. मिसळायला दोन मिनिटं लागली होती.

आता माझी कबुली. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तुमच्या पत्रिकांवर जे चकचकीत चढलं ते माझ्यासारख्यांनीच चढवलं. लॅमिनेशन म्हणजे कागदावर प्लास्टिकची पातळ फिल्म, गरम करून दाबलेली. ग्राहकाला आवडतं, आम्हाला चार पैसे जास्त मिळतात. वर सोनेरी फॉइल, कधी चमकी. असा कागद पल्परमध्ये नीट फुटत नाही. फिल्मच्या चिंध्या चाळणीत अडकतात. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर जी बंदी आली, तिच्यात निमंत्रणपत्रिकेला बाहेरून गुंडाळायची प्लास्टिकची फिल्म आहे. मिठाईच्या डब्यावरची आहे. बाहेर गुंडाळलेली बंद झाली आणि अंगाला चिकटवलेली चालू राहिली, ही गंमत आमच्या धंद्यातल्या लोकांना लगेच कळली. मी तेव्हा दुकान आवरत होतो म्हणून साधू झालो, एवढंच.

चकचकीत ते सगळं वाईट, असं मात्र धरू नका. दिवाळी अंकाचा गुळगुळीत कागद म्हणजे आर्ट पेपर. त्याच्यावर मातीचा लेप असतो आणि तो रद्दीत चालतो. फरक ओळखायला कोपरा फाडून बघा. मातीचा लेप कागदाबरोबर फाटतो. फिल्म असेल तर कागद फाटतो आणि ती मात्र च्युइंगमसारखी ताणली जाते. मुखपृष्ठाला फिल्म असली तर ते काढून बाकीचा अंक गठ्ठ्यात घाला. पिना राहू द्या. गिरणीत लोखंड निघून जातं. पिना उपसत बसणाऱ्या काकूंचं मला कौतुक आहे, पण तेवढ्या वेळात त्यांनी पाकिटांच्या प्लास्टिकच्या खिडक्या आणि सेलोटेप काढली तर जास्त उपयोग होईल.

पावत्यांचं सांगून टाकतो, कारण कोषाध्यक्षांच्या फाइलमधून त्या ढिगाने निघतात. एटीएमची, पेट्रोल पंपाची, मॉलची गुळगुळीत पावती नखाने घासून बघा. काळी रेघ उठली तर तो थर्मल कागद. त्यात शाई नसतेच. लेपावर उष्णतेने अक्षरं उठतात. काही थर्मल कागदांच्या लेपात बिस्फेनॉल-ए नावाचं रसायन असतं, तेव्हा तो रद्दीत नको आणि भेळेच्या पुडीसाठी तर नकोच नको. आणि बँकेची जुनी कागदपत्रं नष्ट करताना त्यांचा भुगा करू नका. खाते क्रमांक आहे तेवढा भाग फाडून वेगळा टाका, बाकी पान अख्खं ठेवा. भुग्याचे धागे आधीच तुटलेले असतात आणि त्यातला बराचसा चाळणीतून गळून जातो.

आता डिस्पोजल. इंदुरात आपण कागदी ग्लासाला 'डिस्पोजल' म्हणतो आणि जणू त्या नावातच त्याची विल्हेवाट लागते. त्याला आतून प्लास्टिकचा लेप असतो; नसता तर चहा पाच मिनिटांत तुमच्या धोतरावर आला असता. चंदेरी द्रोण-पत्तलींचं तेच. त्यांना कागद समजून कागदाच्या पिशवीत टाकणाऱ्या कार्यकर्त्यांचा मी दोष मानत नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही. पण एका मंडळात 300 जणांचं मसाला दूध होतं तेव्हा 300 ग्लास असे निघतात, जे ना धड कागद ना धड प्लास्टिक, आणि वर दुधाने बरबटलेले. पूर्वी मंडळाकडे स्टीलचे पेले होते. माळ्यावर असतील अजून. नावं कोरलेली असतील त्यांच्यावर, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. देणाऱ्यांच्या आत्म्याला काय वाटत असेल!

पोह्यांच्या बाबतीत मी जरा हळवा आहे, तरी बोलतो. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पोहे, वर शेव, कडेला जिलबी. आपलं सगळ्यांचं लहानपण त्यावर गेलं. पण मी शाईत हात घातलेला माणूस आहे आणि ती शाई खायची नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. अन्नसुरक्षेच्या 2018च्या पॅकेजिंग नियमांनीही छापील वर्तमानपत्रात अन्न ठेवायला आणि गुंडाळायला मनाई केली आहे. तेव्हा मंडळाच्या सकाळच्या नाश्त्याला तरी ताटल्या काढा. वर्तमानपत्र तेलातून वाचलं तर गठ्ठ्यात जाईल. तेल लागलेला कागद, हात पुसलेले नॅपकिन यांना रद्दीत जागा नाही; घरी खताचा डबा असेल तर बारीक तुकडे करून त्यात घाला, तिथे ते सुखाने कुजतात.

मग मंडळांनी करायचं काय? घर प्रत्येकाचं वेगळं, पण पत्रिका, अहवाल, चहा आणि सभागृह तुमच्या हातात आहे. म्हणून विनंती तुम्हाला.

सभागृहाच्या आत, छताखाली, एक कोपरा कागदाला द्या. आत म्हणतो आहे, मागच्या अंगणात नव्हे. कागद हवेतली ओल पितो. पावसाळ्यात आमच्या रीमा, म्हणजे कोऱ्या कागदाचे गठ्ठे, कडेने वळायच्या, मशीनवर सरळ जायच्या नाहीत. आणि त्या तर बंद गोदामात होत्या. अटालेवाला अंगठा दाबतो तो उगाच नाही. पाणी मारून वजन वाढवणारे त्याला रोज भेटतात, त्यामुळे ओलसर गठ्ठा दिसला की तो आपल्यालाही त्यांच्यातलाच समजतो. खाली लाकडी फळी टाका, वाळवी लागणार नाही. तीन ढीग पुरेत: पांढरा कागद आणि वह्या, वर्तमानपत्रं व मासिकं, पुठ्ठा. महिन्यातून एका रविवारी सभासदांनी आपापल्या घरचा बांधलेला गठ्ठा आणून तिथे ठेवावा. तिलकनगर, रामबाग, सुदामानगर, कुठूनही सभागृहात यायला आपल्याला निमित्त लागतंच. नाटकाची तालीम तरी असते नाहीतर भजन तरी. पैसे फार येणार नाहीत, ते आधीच सांगतो. वाचनालयाला एखादं मासिक सुरू करता येईल इतके आले तरी खूप.

त्या ढिगातून आधी पाठकोरे कागद काढून घ्या. एका बाजूला छापलेला, दुसऱ्या बाजूला कोरा. किती सुंदर शब्द आहे आपल्याकडे त्याला! बालसंस्कार वर्गाच्या चित्रकलेला वर्षभर पुरतील. गेल्या वर्षीच्या वह्यांची कोरी पानं फाडून दाभणाने शिवायची पद्धत माझ्या पिढीपर्यंत होती. जूनमध्ये खजुरी बाजारातून नव्या वह्या आणायच्या आधी घरात हा एक दिवस ठरलेला असे. नातवाला परवा दाभण दाखवला तर त्याने विचारलं, हे कशाचं हत्यार आहे.

अहवालाच्या प्रती मोजून छापा. मोबाइलवर वाचणारे मोबाइलवर वाचतील. ज्यांना कागद हवा त्यांची यादी करा आणि तेवढ्याच काढा. पत्रिकेला साधा जाड कागद घ्या, लॅमिनेशन नको, फॉइल नको. छापखानेवाला कुरकुर करेल. त्याला माझ्याकडे पाठवा.

परवाच्या गठ्ठ्याचं पुढे काय झालं तेही सांगतो. मी तो घरी आणला. वरच्या प्रती गेल्या त्या गेल्याच. खालच्या साठ-सत्तर कोरड्या होत्या, त्या निवडून गच्चीवर दोन उन्हं दिली. काल तोच अटालेवाला आला. अंगठा दाबला, नाकाशी नेला, काही बोलला नाही आणि तराजू काढला.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त मुद्रक, जुनी इंदूर

ता. क. पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायला टाकण्याआधी एकदा माझ्या नजरेखालून घाला. प्रूफ फुकट तपासून देईन. या वेळच्या पत्रिकेत वर 'कोजागिरी' होतं आणि खाली 'कोजागरी'.